सोल्डरिंगचा धूर: टेबलावरचा पंखा की खिडकीबाहेरचा पाइप?

मी आधी कार्बन फिल्टरचा छोटा पंखा घेतला, मधे काही दिवस मास्क लावून पाहिला आणि आता धूर ओढून नेणारा लवचिक पाइप खिडकीबाहेर काढलाय. तिन्हींचा अनुभव सांगतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. हा धूर सोल्डरमधल्या, म्हणजे जोडायला वितळवतात त्या धातूतल्या, शिशाचा नसतो. बिटचं, म्हणजे सोल्डरिंगच्या तापत्या टोकाचं, तापमान साधारण ३५० अंश सेल्सिअस, आणि शिसं उकळतं १७४९ अंशांना. धूर होतो तो फ्लक्सचा (सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात तो पदार्थ), बहुतेक वेळा त्यातल्या राळेचा. राळेच्या धुराने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोडासा धूरही सोसत नाही. त्यामुळे बिनशिशाचं सोल्डर आणलं म्हणजे फुप्फुसं वाचली, असं होत नाही.

पंखा वाईट नाही. आणला, लावला, काम सुरू. पण तो जॉइंटपासून चार बोटांवर असेल तरच धूर ओढतो. वीतभर लांब गेला की धूर सरळ वर, वाकलेल्या तोंडावर. आणि चार बोटांवर नेमका माझा हात येतो! सोल्डरची तार धरायची तर पंख्याचा खोका सरकवावा लागतो, बोर्ड फिरवलं की पुन्हा सरकवायचा. दहा जॉइंटनंतर मी तो सरकवणंच सोडून दिलं. पंखा चालू आणि धूर नाकात, असं कितीतरी दिवस चाललं. शिवाय पातळ स्पंजाच्या फिल्टरने वास कमी होतो, पण बारीक कण बरेचसे आरपार जाऊन खोलीतच राहतात.

मास्कचं थोडक्यात. साधा एन९५ कण अडवतो, वायू नाही. वायू शोषणारी कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर असलेला दोन्ही अडवतो, पण खोलीतल्या बाकीच्यांचं काय?

पाइपचं तोंड मात्र मला हवं तिथे, बोर्डच्या मागे आडवं ठेवता येतं. फ्लक्स चुरचुरला की धुराची रेघ दोन बोटं वर चढते आणि तिथूनच वळून आत जाते. हात मोकळा राहतो. बसवायला अर्धा दिवस गेला, आणि दार किंचित उघडं ठेवावं लागतं, नाहीतर आत हवा न आल्याने ओढ मंदावते.

महिन्यातून एखाददुसरी वायर जोडणाऱ्याला कदाचित पंखाही पुरेल. खिडकीच नसेल तर कार्बनसोबत हेपा (बारीक कण अडवणारा फिल्टर) असलेलं यंत्र बघा, तेही पाइपवालं. शेजारच्याची खिडकी जवळ असेल तर पाइपचं बाहेरचं तोंड तिकडे नको.