'ॲबस्टेन'च्या एका कार्डासाठी

सुझोऊच्या आमच्या ऑफिसात मी एकटीच मराठी. जेवणाच्या सुट्टीत चार चिनी सहकाऱ्यांकडून इंग्रजी घोटून घेते. त्यासाठी मीटिंगमधल्या मतदानाच्या शब्दांचा हा ऑडिओ कोर्स घेतला, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. सात महिने झाले.

सुरुवातीला मी खूश होते. चिनीत तिकिटालाही 'प्याओ' आणि मतालाही 'प्याओ', म्हणून आमच्यातला एक जण 'वुई गॉट फाइव्ह टिकेट्स' म्हणायचा. ती खोड दोन दिवसांत गेली. 'कास्ट अ व्होट' तर लगेच डोक्यात बसलं, कारण 'तोउप्याओ'तला 'तोउ' म्हणजे टाकणं. आपणही मत टाकतोच की! हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला. 'टेबल अ मोशन' म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं, हेही छान समजावलंय.

मग पुण्याच्या टीमबरोबर कॉल झाला. पुरवठादार बदलायचा ठराव होता. आमच्या एकाला तटस्थ राहायचं होतं. ऐनवेळी 'ॲबस्टेन' हा शब्द आठवेना, तो 'आय गिव्ह अप' म्हणाला. तिकडच्यांना वाटलं, विरोध सोडला. मीटिंगच्या नोंदीत, म्हणजे मिनिट्समध्ये, त्याचं नाव ठरावाच्या बाजूने! ते दुरुस्त करायला तीन ईमेल लागले.

रात्री कोर्समधलं या शब्दाचं कार्ड उघडलं. 'ॲबस्टेन'खाली एकच शब्द, 'छीछ्वेन'. अक्षरशः अर्थ हक्क टाकून देणं. खेळाडूने सामना सोडला तरी हाच शब्द. खाली उदाहरणाचं एक वाक्यही नाही.

तक्रार केली. उत्तर आलं, शब्दकोशात हाच अर्थ आहे. मी भडकले, पण सहकारी म्हणाले, बरोबर आहे, आमच्या सभेत बाजूने, विरोधात आणि छीछ्वेन अशीच मोजणी होते. म्हणजे शब्दाबद्दल माझंच चुकलं होतं. उदाहरण मात्र हवंच. मीच चौघांना एक दिलं. 2011 मध्ये लिबियावरचा 1973 क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेत 10 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाला. चीन आणि भारतासह 5 देश तटस्थ होते. चीनने विरोधात मत दिलं असतं तर नकाराधिकाराने ठराव तिथेच पडला असता. तटस्थ राहण्यात केवढं वजन असतं, हे चौघांना यावरून पटलं.

मी एवढंच कोर्सवाल्यांना लिहून पाठवलं. दोन महिने झाले, कार्ड तसंच आहे. ते बदललं तरच पुढच्या वर्षाचे पैसे भरेन. तोवर 'आय ॲबस्टेन, प्लीज रेकॉर्ड इट' हे वाक्य कागदावर लिहून आमच्या जेवणाच्या टेबलाजवळ चिकटवलंय.