नमुना गांडूळ खताचा, गाडी कच्च्या प्रेसमडची

उरुळी कांचनजवळ आमची छोटी नर्सरी आहे. जूनमध्ये शेवंतीच्या काड्या लावायच्या, दसरा-दिवाळीला भरल्या कुंड्या विकायच्या, यावरच घर चालतं. यंदा खतात फसलो. गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्यांनाही हाच माल विकला जातो, म्हणून लिहितेय.

विक्रेत्याने मूठभर गांडूळ खत माझ्या तळहातावर ठेवलं. काळंभोर, चहाच्या भुकटीसारखं रवाळ, पहिल्या पावसाच्या मातीचा वास. दर किलोला ६ रुपये. एरवी आम्ही ९ देतो. मी १०० गोण्या सांगितल्या. गाडी आली रात्री साडेनऊला, भर पावसात. वरच्या दोन गोण्या उघडून पाहिल्या आणि पैसे दिले. पावती घेतली नाही. गोण्या कोऱ्या होत्या. उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, नत्र (नायट्रोजन) किती तेही नाही. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे हे सगळं छापलेलं असावं लागतं.

कुंड्या भरताना कामावरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, ही गोणी आतून गरम लागतीय." मी म्हटलं, नवा माल असेल. ते ऐकायला हवं होतं.

तीन आठवड्यांत शेवंतीची खालची पानं पिवळी पडली, वरच्या पानांची टोकं करपली, कुंडीच्या काठाला पांढरा खारवट थर धरला. विक्रेता फोनवर म्हणाला, "ताई, तुमचं पाणी जास्त होतंय." मी शिल्लक खत प्रयोगशाळेत दिलं. नत्र ०.४ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर (म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब) ३८, क्षारता (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६.८. मुरलेल्या खतात गुणोत्तर २० च्या आत हवं, क्षारता ४ च्या आत. साखर कारखान्याची कच्ची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला न कुजलेला गाळ, आणि काळी माती मिसळून दिली होती. कच्चं खत कुंडीत कुजत राहतं, आणि कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी नत्र ओढतात. शेतात मुळं बाजूला तरी पसरतील, कुंडीत रोप जाईल कुठे? शिवाय आम्ही मिश्रणात एक तृतीयांश खत घातलं होतं. बाराशे कुंड्यांपैकी सातशे गेल्या. तालुका कृषी कार्यालयात गेले, तर पहिला प्रश्न पावतीचा.

आता गाडीच्या मधल्या आणि तळाच्या गोण्या उघडल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवते. उघडल्यावर आंबूस किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर ते कच्चं. एका डब्यात खत मिसळलेली माती, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हीत मेथी पेरते. खताच्या डब्यातली मेथी मागे राहिली की माल परत. ही तपासणी होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, आणि चांगलं खतही पाव हिश्श्यापेक्षा जास्त घालायचं नाही.

त्या विक्रेत्याचा नंबर बंद आहे. पण गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या नर्सरीवाल्या दादांचा फोन आला, "सहा रुपयांनी गांडूळ खत मिळतंय, घेऊ का?" मी विचारलं, नमुना कसा आहे? म्हणाले, "एक नंबर. चहाच्या भुकटीसारखा."