नव्या सदस्यांचं प्रशिक्षण: नमुना ५ साठी तरी जायलाच हवं

ग्रामपंचायतीवर नव्याने निवडून आलेल्यांसाठी तालुक्याला झालेलं हे प्रशिक्षण. सकाळी पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती आणि १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम. स्लाइडी नुसत्या वाचून दाखवल्या, मागच्या रांगा डुलक्या घेत होत्या. जेवणानंतर मात्र एका निवृत्त ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नमुना ५ची रोकडवही आणि नमुना ८ची कर आकारणी उघडली, तशा आम्ही सगळ्या बाया पुढे सरकलो. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, हे ऐकून आमच्या उपसरपंचांचं पेव्हर ब्लॉकचं गणितच बसेना! ग्रामपंचायतीचे आराखडे आणि हिशेब भरायचं ई-ग्रामस्वराज पोर्टल प्रत्यक्ष दाखवायला हवं होतं, पण नेटच नव्हतं. सोबत आलेल्या नवरोबांना बाहेर बसवलं, त्याचे गुण वेगळे. मिळालेली पुस्तिका मासिक सभेला जवळ ठेवा.