चिनी वनौषधी: ग्वांगझूत काही महिने वापरल्यावर

ग्वांगझूला आल्यापासून सर्दी-खोकला, पोट बिघडणं असल्या किरकोळ तक्रारींसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातली चिनी औषधंच घेतेय. काढे उकळत बसावं लागत नाही, सगळं तयार पुड्या-बाटल्यांत मिळतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते हुओश्यांग झेंगछी. इथल्या दमट उन्हाळ्यात मळमळायला लागलं, पोट जड झालं की शेजारच्या आजी हेच काढून देतात. कृती जुनी, सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातली. मुख्य वनस्पती आपण वेणीत गुंफतो त्या पाचेच्या कुळातली. १० मिलीची तपकिरी कुपी, झाकणाला बारीक नळी टोचायची आणि श्वास रोखून एका दमात ओढायची. घसा जळतो, डोळ्यांत पाणी येतं, पण मळमळ खरंच थांबते. जळतो कारण या 'शुई' प्रकारात ४० ते ५० टक्के अल्कोहोल असतं! त्यावर गाडी चालवायची नाही आणि सेफालोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक चालू असेल तर हात लावायचा नाही. मी आता बिनअल्कोहोलचं 'कौफूये' घेते. चव तशीच भयंकर, जळजळ मात्र नाही.

सर्दीवरची गानमाओलिंगची पुडी गरम पाण्यात ढवळून प्यायची. नाक मोकळं होतं, मग डोळे मिटायला लागतात. खोक्यावरचं बारीक अक्षर फोनने वाचलं तर वनस्पतींच्या यादीखाली पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि कॅफिन! मग गुण जडीबुटीचा म्हणायचा की गोळीचा? घ्या, पण वर क्रोसिन नको, त्यातही पॅरासिटामॉलच.

पिपागाओ म्हणजे लोकाटाच्या पानांचं, मधातलं चाटण, काकवीसारखं दाट. घसा छान शेकतो, खोकला आपल्या वेळेनेच जातो. मधुमेह असेल तर साखर बघून घ्या, वर्षाच्या आतल्या बाळाला मधामुळे देऊच नका. बानलानगन या सर्दी-तापावरच्या मुळीच्या औषधासाठी २००३ च्या सार्सच्या साथीत इथे झुंबड उडाली होती म्हणे, मला काडीचा फरक जाणवला नाही. टपरीवरचा कडू 'ल्यांगछा', म्हणजे वनौषधींचा चहा, मी उष्णता झाली की पिते, तोंड येणं त्याने थांबतं की आपोआप, देव जाणे.

पुण्याहून आईने पिपागाओ मागवलंय. तिला बीपीच्या गोळ्या आहेत आणि यातल्या बऱ्याच औषधांत ज्येष्ठमध असतं, त्याने बीपी चढू शकतं. तिच्या डॉक्टरांना घटकांची यादी पाठवलीय, ते हो म्हणाले तरच बाटली बॅगेत जाईल.