लॅपटॉपचा चार्जर तुटला: वायर बदलायची की नवा घ्यायचा?

चार्जर ‘गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा ठोकळा, म्हणजे मधला अडॅप्टर, धडधाकट असतो. पिनेच्या मुळाशी किंवा ठोकळ्याच्या तोंडाशी वायर रोज वाकते आणि आतल्या तारा तिथे तुटतात. वायर हलवली की चार्जिंग येतं-जातं, ही त्याची खूण. अशा वेळी तीन वाटा असतात: कंपनीचा ओरिजिनल, बाजारातला कम्पॅटिबल (दुसऱ्या कंपनीचा, पण चालणारा), नाहीतर त्याच ठोकळ्याला नवी डीसी वायर, म्हणजे ठोकळ्याकडून लॅपटॉपकडे जाणारी. भिंतीकडची वायर खराब असेल तर प्रश्नच नाही, ती सुटी मिळते.

ओरिजिनल परवडत असेल आणि तुमच्या मॉडेलचा मिळत असेल तर खुशाल घ्या. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तेवढा पाहा. जुन्या लॅपटॉपसाठी मात्र एवढे पैसे घालणं मला जड जातं.

कम्पॅटिबल स्वस्त, लगेच मिळणारा. व्होल्ट-अँपिअर जुळले की झालं, असं दुकानदार सांगतो, आणि पुष्कळ लॅपटॉपना ते खरंही आहे. पण तुमच्या पिनेच्या पोटात मधोमध बारीक सुईसारखी आणखी एक पिन असेल तर जपून. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये त्या सुईतून वीज येत नाही. चार्जर कोणता, किती वॅटचा, ही ओळख लॅपटॉपला तिच्यातून मिळते. मी घेतलेल्या कम्पॅटिबलची ही ओळख लॅपटॉपला कधी पटली, कधी नाही. नाही पटली की सुरू करतानाच ‘अडॅप्टर ओळखता येत नाही’ अशी सूचना यायची आणि एक बटण दाबल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. लॅपटॉप चालायचा, पण बॅटरी भरायची नाही आणि सगळं काम संथ व्हायचं. रोज सकाळी त्या सूचनेने मला इतकं वैतागवलं की मी जुन्या ठोकळ्याकडे परतलो. ओळख सांगणारी चिप त्याच्यातच असते, तो ठेवला की ओळख टिकते.

नवी डीसी वायर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिनेसकट तयार मिळते. जाड बघून घ्या. ६५ वॅटच्या चार्जरमधून साधारण सव्वातीन अँपिअर जातात, पातळ वायर तापते. मधली सुई असेल तर तीन तारांचीच मागा. प्लग काढून ठोकळ्यावरचा दिवा विझू द्या, मग जुनी वायर ठोकळ्यापासून चार बोटं सोडून कापा. हीट श्रिंक नळी (तापवली की आक्रसून सांध्यावर घट्ट बसते ती) आधीच ओवून ठेवा. तारा सोल्डर करून जोडताना सांधे एकासमोर एक न आणता पुढे-मागे करा, म्हणजे नळी फाटली तरी शॉर्ट होणार नाही. रंगांवर विसंबू नका, कुठली तार कुठे जाते ते मल्टिमीटरने पाहा. लॅपटॉपला लावण्याआधी पिनेवर लेबलइतके व्होल्ट येतात का आणि प्लस-मायनस बरोबर आहे का, हेही तपासा. नुसत्या टेपवर भागवू नका, उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो आणि सांधा उघडा पडतो.

वायर ठोकळ्याच्या अगदी तोंडाशी तुटली असेल, किंवा दिवाच लागत नसेल, तर मात्र माझं मत बदलतं. ठोकळा फोडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. शिवाय चिकटवलेलं कवच पुन्हा नीट बसत नाही. तिथे नवाच घ्यावा. टाइप-सी चार्जरची वायर ठोकळ्यातच पक्की असेल तर तिलाही हात लावू नये असं मला वाटतं. आत बारीक तारा बऱ्याच असतात.

बाकी बहुतेकांनी आधी वायर बदलून पाहावी, असंच मी म्हणेन. सोल्डरिंग जमत नसेल तर वायर आणि ठोकळा घेऊन जवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा. मधली बारीक तारही जोडायची आहे, एवढं त्याला आवर्जून सांगा.