टोटल लॉसनंतर गॅरेजवाल्याच्या भरवशावर घेतलेली जुनी स्विफ्ट : नऊ महिने, ८,७०० किलोमीटर

गाडी : स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१८ची, एमएच-१२, पहिला मालक. जुलैमध्ये ४,३५,००० रुपयांना घेतली तेव्हा मीटरवर ५८,४०० होते, आज ६७,१०० आहेत. आधीची २०१४ची हॅचबॅक समोरून धडकून टोटल लॉस झाली. तिची सर्व्हिस पुण्यातल्या ज्या स्वतंत्र गॅरेजमध्ये व्हायची, त्याच गॅरेजवाल्यांनी ही गाडी तपासून दिली.

आधी टोटल लॉसबद्दल, कारण पुष्कळ लोक इथेच अडकतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची किंमत देते. आयडीव्ही २,६०,००० असेल तर ही रेघ १,९५,००० वर येते. बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीचं एस्टिमेट होतं १,५५,००० : बंपर, बोनेट, हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर, उजवं फेंडर. गॅरेजवाल्यांनी सर्व्हेअरला (विमा कंपनीकडून नुकसान तपासायला आलेल्या माणसाला) थांबवून पुढचा भाग त्याच्यासमोर खोलला. आत एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) चुरगळलेलं, लाँग मेंबरला (सांगाड्याच्या पुढच्या लांब तुळईला) घडी पडलेली आणि सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) जागेवरून सरकलेली. एस्टिमेट २,१२,००० वर गेलं आणि दावा टोटल लॉसमध्ये बसला. सर्व्हेच्या आधी गाडी खोलू नये, पण सर्व्हेअर समोर असताना ती खोलायचा आग्रह जरूर धरावा. नाहीतर दीड लाखाला मंजुरी मिळते आणि काम निम्म्यावर आल्यावर नवं नुकसान सापडत राहतं.

लाँग मेंबर ओढून सरळ करता येतो. पण एकदा घडी पडलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा ताकदीचा होत नाही. पुढच्या धडकेत तो ठरलेल्या जागी न दुमडता भलतीकडे वाकू शकतो. शिवाय दोन-चार मिलिमीटरचा फरक राहिला तर अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी टायर एका कडेने झिजतात. दीड-दोन लाखांचं काम हातात असताना जो मेकॅनिक “दुरुस्त करू नका” म्हणतो, त्याच्यावर पुढची गाडी निवडायचं काम सोपवायला हरकत नाही.

अपघाती गाडी हातातून जाताना एक गोष्ट कधीही सोडू नये : आरटीओत आरसी रद्द झाल्याचा कागद मिळवायचा. भंगारात गेलेल्या गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकून ती जुन्या मालकाच्याच आरसीवर फिरवण्याचे प्रकार होतात. फास्टॅगही त्याच आठवड्यात बंद करावा.

आता गाडी शोधणं. मेकॅनिकशी व्यवहार पहिल्याच दिवशी ठरला : गाडी पसंत पडो वा न पडो, प्रत्येक तपासणीचे १,५०० रुपये, विकणाऱ्याकडून एक पैसाही कमिशन नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. कमिशन सौदा झाल्यावरच मिळतं, त्यामुळे चांगल्या माणसाचाही हात “घ्या” म्हणण्याकडे झुकतो. चार गाड्यांचे ६,००० रुपये गेले, तीन नाकारल्या गेल्या. त्या का नाकारल्या ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

पहिली २०१९ची, ४१,००० किलोमीटर, किंमत बाजारभावापेक्षा कमी. पेंटची जाडी मोजणारं मीटर छतावर १०५ मायक्रॉन दाखवत होतं, दारांवर ११०च्या आसपास आणि डाव्या क्वार्टर पॅनलवर (मागच्या चाकावरच्या पत्र्यावर) एकदम ६४०. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मध्ये असतो. २००-३०० म्हणजे पुन्हा रंग मारलाय आणि ५००च्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. डिकीचं रबर उपसून पाहिलं तर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे सारख्या अंतरावरचे गोल खळगे गायब आणि सीलंट बोटाने फासलेलं. म्हणजे मागचा भाग कापून दुसरा जोडला होता.

दुसरी मीटरवर ३६,०००, पण क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकणारं आणि चारही टायर बदललेले. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच ७१,००० लिहिलेले होते. मीटर मागे फिरवता येतं, सर्व्हिसची नोंद सहसा कोणी बदलत नाही.

तिसरी एमएच-०९ची. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९च्या महापुरानंतर त्या भागातली जुनी गाडी बघताना एक तपासणी जास्तीची करावीच लागते. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ होती, सीटच्या रुळांच्या बोल्टना गंज होता आणि कार्पेटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्या होत्या. इंजिन सुरेख चालत होतं. पण पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन सुधारतं आणि वायरिंग पुढे कैक वर्षं सतावत राहतं.

चौथी ही. सगळ्या पॅनलवर १००-१३०, फक्त पुढच्या बंपरवर नवा रंग (बंपर प्लास्टिकचा, तिथे मीटर चालत नाही, रंगाच्या पोतावरून कळतं). बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे नाहीत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांनी आपोआप विझला. तो दिवा पेटलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबरच विझला, तर एअरबॅग उडून गेलेली असू शकते आणि दिव्याची वायर दुसरीकडे जोडलेली असू शकते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब, यावरून इंजिनाची झीज कळते) चारही सिलिंडरला जवळपास सारखं. मागचे दोन टायर मात्र २०१८चेच होते. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे २४१८, म्हणजे २०१८चा २४वा आठवडा. नक्षी २.५ मिलिमीटर उरलेली, पण बाजूला भेगा. त्यावरून किंमत १०,००० ने कमी झाली.

कागदपत्रांत गाडी नावावर करण्यासाठीचे फॉर्म २९च्या दोन प्रती, फॉर्म ३० आणि ताबा देताना तारीख, वेळ, मीटरचा आकडा लिहिलेली डिलिव्हरी नोट. विकणाऱ्याचं कर्ज फिटलेलं होतं, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी जमा होऊन बोजा उतरेपर्यंत २५,००० रुपये हातात ठेवले, ते बरं झालं. ई-चलान आधी तपासली आणि विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावला. जुना चालू असेपर्यंत त्या नंबरवर नवा मिळत नाही. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली आहे का हेही पाहिलं. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्याचा फरक नव्या मालकाने भरायचा असतो.

ताब्यात आल्यावर लगेच इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर आणि एसी फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, चार प्लग असं काम झालं, ७,२०० रुपये. मागचे टायर ९,०००. जुन्या गाडीच्या किमतीत हे पैसे पहिल्यापासून धरायचे असतात.

नऊ महिन्यांत दोन गोष्टी निघाल्या, आणि दोन्ही तपासणीत सापडायला हव्या होत्या. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग ६०च्या पुढे घुमायचं. चाचणी शहरात ५०च्या आतच झाली होती, त्यामुळे ते ऐकू आलं नाही. गाडी किंचित उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर येतो आणि आवाज वाढतो. टायरचा आवाज असा सहसा बदलत नाही. जुनी गाडी बघताना किमान १५ मिनिटं हायवेवर चालवावी, काच बंद, गाणी बंद. दुसरं एसी. जुलैच्या पावसात २४ अंशांत कुठलाही एसी गारच वाटतो. एप्रिलमध्ये गारवा कमी झाला, तेव्हा कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात गळती सापडली. गॅससह खर्च ७,५००. पावसाळ्यात गाडी घेत असाल तर हाताला गार लागतं यावर न थांबता गेज लावून एसीच्या गॅसचं दोन्ही बाजूंचं (कमी आणि जास्त दाबाच्या) प्रेशर बघायला सांगा. गॅरेजवाल्यांनी मजुरी घेतली नाही आणि आता त्यांच्या तपासणीच्या यादीत गेज लावणं आलं आहे.

बाकी गाडी सरळ धावते. पुढच्या टायरची नक्षी आतल्या आणि बाहेरच्या कडेला सारखी झिजते आहे, आणि चेसिस धड असल्याची माझ्या लेखी हीच सर्वांत पक्की खूण आहे. टाकी भरून मोजलेलं मायलेज शहरात १४ ते १५, पुणे-सातारा रस्त्यावर १९-२०. क्लच थोडा वर धरायला लागला आहे. ७५,००० च्या सुमारास प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायचं ठरलं आहे, कारण तिन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकच लागते.