ऑनलाइन गोल्फ गेम, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं घोडं पटिंगच्या मीटरपाशी अडतं

मागच्या वेळी दोन तारे दिले होते, आज चार देतोय. मधल्या काळात जे हाती लागलं ते फुकटात खेळणाऱ्यांच्या नक्की कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गेमचं नाव लिहीत नाही. पटिंगची (चेंडू जमिनीवरून लोळवत होलमध्ये घालण्याची) फुटांत आखलेली पट्टी म्हणजेच मीटर, इंचांत दाखवलेला चढ-उतार आणि लेव्हलनुसार वाढत जाणारा ग्रीनचा, म्हणजे होलभोवतालच्या बारीक कापलेल्या गवताचा वेग, अशा धाटणीचा गेम जो खेळतो त्याला पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. ग्राफिक्स, ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी), वारा याबद्दल माझी काही तक्रार नाही. जाहिराती जास्त आहेत, फोन तापतो, पण तेही चालवून घेतो. मला बोलायचंय ते फक्त पटिंगबद्दल.

माझा भडका उडाला तो बढती मिळाल्यावर. खालच्या लेव्हलला ग्रीनचा वेग ९-१० च्या आसपास असायचा आणि मीटरवर जेवढे फूट ठेवावेत तेवढाच चेंडू जायचा. वरच्या लेव्हलला एकदम १३. सपाट ग्रीन, होल वीस फुटांवर, मीटर वीसवर अचूक थांबवलेला, आणि चेंडू होल ओलांडून सहा फूट पुढे. परतीच्या पटलाही (लोळवत्या फटक्यालाही) तेच. बर्डीच्या (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) जागी बोगी (एक जास्त), स्पर्धेचे गुण गेले, आणि जपून ठेवलेल्या चांगल्या चेंडूंचं आयुष्य त्यात खर्ची पडलं ते वेगळंच. ग्राहक सेवेला स्क्रीनशॉटसह लिहिलं, सरळ विचारलं की मीटरवरचे हे फूट नेमक्या कुठल्या वेगाच्या ग्रीनसाठी आहेत? उत्तर आलं की अधिक अचूक पटर (पटिंगची काठी) घेऊन पाहा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्या पटरसाठी लागणाऱ्या नाण्यांची रुपयांतली किंमत माझ्या महिन्याच्या इंटरनेट बिलापेक्षा जास्त आहे. मला पटर नको होता, एका आकड्याचं उत्तर हवं होतं. दोन तारे त्या दिवशीचे.

आता हा १३ म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, कारण सगळी किल्ली त्यातच आहे. १९३५ सालची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सवर झाली. तिथले ग्रीन इतके घसरडे होते की जिंकणारा सॅम पार्क्स ज्युनियर २९९ फटक्यांवर संपला आणि तीनशेच्या आत येणारा तो एकटाच होता. ते पाहून एडवर्ड स्टिम्पसन या हौशी खेळाडूने वेग मोजायला लाकडी पन्हळ बनवली. पुढे १९७६ मध्ये यूएसजीएच्या (अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या) फ्रँक थॉमस यांनी तिची सुधारित अॅल्युमिनियमची आवृत्ती केली. तीच आजची स्टिम्पमीटर. तीन फुटी पट्टीचं एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण वीस अंशांवर खाचेतला चेंडू आपोआप सुटतो आणि दर वेळी त्याच वेगाने ग्रीनवर उतरतो. सपाट जागेवर तो किती फूट गेला, तो ग्रीनचा आकडा. वारा आणि किंचित उतार यांचा परिणाम जावा म्हणून एका दिशेने तीन आणि उलट दिशेने तीन चेंडू सोडून सरासरी काढतात. म्हणजे दहाच्या ग्रीनवर जो धक्का चेंडूला दहा फूट नेतो, तोच धक्का तेराच्या ग्रीनवर तेरा फूट नेतो. कॅरम बोर्डावर पावडर जास्त पडली की तेवढ्याच टिचकीने स्ट्रायकर कुठल्या कुठे जातो, तसं.

मग माझ्या वीस फुटांच्या पटचं काय झालं ते बघा. चेंडू गेला सव्वीस फूट. सव्वीस म्हणजे वीसचे १.३ पट. याचा अर्थ मीटर दहाच्या ग्रीनसाठी आखलाय! गेमने हे कुठेही लिहिलेलं नाही, ना मदतीच्या पानावर, ना सुरुवातीच्या शिकवणीत. वेगवेगळ्या लेव्हलच्या ग्रीनवर ताडून पाहिलं, दर वेळी दहाच निघाले. तेव्हा सपाट पटसाठी होलपर्यंतचे फूट गुणिले दहा, भागिले ग्रीनचा वेग. बाराच्या ग्रीनवर ३० फूट असेल तर मीटर २५ वर. आठच्या ग्रीनवर २० फूट असेल तर मीटरही २५ वर. तुमच्या गेमचा पाया दहा नसेल, तर एक सपाट पट मारून चेंडू कितीपट गेला ते बघा आणि त्यावरून काढा.

इथवर आल्यावर मी तिसरा तारा दिला होता. पण उताराच्या पटचा हिशेब अजूनही बसत नव्हता. सपाट ग्रीनवर सगळं बरोबर, सहा-आठ इंचांचा उतार आला की तेराच्या ग्रीनवर चेंडू होलच्या पुढे सुटायचा आणि आठच्या ग्रीनवर चढ असला तरी पुढेच जायचा. हा तिढा सोडवला आमच्या खेळाच्या ग्रुपमधल्या नाशिकच्या एका काकांनी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. मी माझी आकडेमोड टाकल्यावर त्यांनी एवढंच लिहिलं, "अहो, उंचीला गवताशी काय देणंघेणं? पाणी असो की चेंडू, सहा इंच खाली आला की सहा इंचांचंच बळ मिळणार. आधी गवताचा हिशेब संपवा, मग उंची घ्या."

सगळं त्या एका वाक्यात होतं. आपण बहुतेक जण आधी उताराचे फूट वजा करतो आणि मग वेगाने भागतो. क्रम उलटा हवा. आधी वेगाचा गुणाकार-भागाकार, मग चढ-उतार. आणि दहाचा पाया असलेल्या मीटरवर एका इंचाला जवळपास एक फूट पडतो, ग्रीन कुठलाही असो. हा योगायोग नाही. स्टिम्पमीटरवरून चेंडू सेकंदाला सुमारे १.८३ मीटरने सुटतो, त्यावरून हिशेब केला तर दहाच्या ग्रीनवर एक इंच उंचीची किंमत एक फुटाहून किंचित जास्त निघते.

उदाहरण घ्या. वेग १३, होल ३९ फुटांवर, उतार १२ इंच. आधी ३९ चे ३० करा, मग १२ वजा, मीटर १८ वर. उलट्या क्रमाने केलंत तर ३९ वजा १२ म्हणजे २७, त्याचे १३ च्या ग्रीनवर २०.८. मीटरवर फरक पावणेतीन फुटांचा दिसतो, पण तेराच्या ग्रीनवर तो साडेतीन फुटांच्या वर जातो, आणि परतीचा पट चढाचा राहतो. चढाला हेच बेरजेने. आठच्या ग्रीनवर २४ फूट आणि सहा इंच चढ असेल तर आधी ३०, मग ३६. ही पद्धत धरल्यापासून माझे तीन पटचे होल फारच कमी झाले, आणि तेही जुन्या, फुकट मिळालेल्या पटरवर. चौथा तारा याचाच. कारण याचा अर्थ असा की गेममागचं गणित प्रामाणिक आहे, चेंडू खरोखर पदार्थविज्ञानाच्या नियमाने पळतो. एवढं चांगलं काम केलंय, तर मीटर कुठल्या वेगासाठी आहे ही एक ओळ छापायला काय हरकत होती? हजारो जण लेव्हल चढल्यावर याच जागी वैतागत असतील आणि पटर विकत घेत असतील.

आडव्या वळणाचंही थोडं सांगतो. ग्रीन जेवढा वेगवान, तेवढा चेंडू हळू सोडावा लागतो आणि जास्त वेळ लोळत राहतो, म्हणून तोच आडवा उतार त्याला जास्त ओढतो. दहाच्या ग्रीनवरची सवय तेराला चालत नाही, नेम होलच्या आणखी बाहेर धरा. याला मला साधं सूत्र सापडलेलं नाही, तो डोळ्यांचाच अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र खटकतेच. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्रकाठच्या कोर्सवरही वरच्या लेव्हलला गेम तेराचे ग्रीन देतो. प्रत्यक्षात तिथे वाऱ्यामुळे ग्रीन मुद्दाम हळू ठेवावे लागतात. तिथे झालेल्या २०१५ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत शनिवारी ग्रीनवर थांबलेले चेंडू वाऱ्याने हलायला लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबवावा लागला होता. लेव्हलऐवजी कोर्स बघून वेग ठरवला असता तर किती मजा आली असती!

आता महागड्या पटरचा प्रश्न. त्याची पट्टी बारीक आखलेली असते, हे खरं. माझ्या पटरची शंभर फुटांची पट्टी अख्ख्या स्क्रीनवर पसरते, त्यामुळे लहान आकडा पकडणं अवघड जातं. तेराच्या ग्रीनवर होल १३ फुटांवर आणि उतार आठ इंच असेल तर मीटर दोनवर थांबवावा लागतो, आणि तो माझ्या पटरवर थांबत नाही. पण यासाठी पैसे मोजण्यापेक्षा मी अप्रोच शॉटच (ग्रीनवर चेंडू आणणारा फटका) बदललाय. झेंड्यावर नेम न धरता होलच्या खालच्या बाजूला चेंडू टाकतो, अंतर चार-पाच फूट जास्त राहिलं तरी चालतं, कारण चढाच्या पटला मीटर नेहमी हाताला येईल अशा जागी असतो. सरावाचा ग्रीन अजूनही फक्त दहाचा आहे, तिथे वेग निवडायची सोय द्या अशी मागणी गेल्या आठवड्यात पुन्हा पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.